आमच्या अखत्यारीत येत नाही

नोकरीत असताना एक वाक्य मी स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारलं असेल. "सॉरी, हे आमच्या अखत्यारीत येत नाही." म्हणायचे अर्थातच इंग्रजीत, आणि जमेल तितक्या मऊ आवाजात. फोनवर पलीकडचा माणूस कधी शिव्या घालायचा, कधी रडायचा, कधी नुसता श्वास ऐकू यायचा. त्यातल्या त्यात शिव्या घालणारे परवडायचे, कारण त्यांच्यात अजून धुगधुगी असायची.

मी राज्य सरकारच्या विमा खात्यात, आरोग्यविम्याच्या तक्रारी घेणाऱ्या विभागात होते. राज्य कोणतं ते लिहीत नाही. एक तर सरकारी नोकरीची सवय जात नाही, आणि दुसरं म्हणजे शेजारच्या राज्यात जाऊन पाहिलंत तरी फारसा फरक सापडणार नाही. सोलापूरला बँकेत होते, लग्न करून इकडे आले, मुलं शाळेत जायला लागल्यावर सरकारी भरतीची परीक्षा दिली आणि त्या टेबलाशी जी बसले ती निवृत्त होईपर्यंत. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना माझं काम कधीच नीट कळलं नाही. "म्हणजे तू इन्शुरन्स विकतेस ना गं?" असं अजूनही विचारतात. मी विकत नव्हते. विकणाऱ्यांनी दिलेला शब्द पाळला की नाही हे बघायला सरकारनं मला ठेवलं होतं. निदान पाटीवर तरी तसं लिहिलेलं होतं.

तिकडच्या, भारतातल्या वाचकांसाठी थोडं समजावून सांगायला हवं. इथे बहुतेकांना आरोग्यविमा मिळतो तो नोकरीतून. खिशात एक कार्ड असतं, त्यावर विमा कंपनीचं नाव असतं, आणि माणूस समजतो की आपण आजारी पडलो तर ही कंपनी पैसे देणार. खरी गंमत पुढे आहे. लहानसहान मालकांच्या बाबतीत ते खरं असतं, आणि तिथे आम्ही राज्यवाले विमा कंपनीचा कान धरू शकतो. मोठ्या कंपन्या मात्र नोकरांच्या औषधपाण्याचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून करतात. विमा कंपनीकडे फक्त हमाली असते: कार्डं छापायची, फोन घ्यायचे आणि नाही म्हणायचं. अशा योजना केंद्राच्या कायद्याखाली जातात, राज्याचा कायदा त्यांच्या दारातही उभा राहू शकत नाही. कार्ड दोन्हीकडे सारखंच दिसतं, रंगही तोच. फरक असतो तो मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. म्हणून कुणाचाही फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कार्ड उलटं करता का जरा?"

ही युक्ती मला डेनिसनं शिकवली. डेनिस माझा साहेब. उंच, वाकलेला, कायम एकच तपकिरी स्वेटर. "पॉलिसी नेहमी शेवटून वाचायची," तो म्हणायचा, "पुढे काय काय देणार ते असतं, मागे काय देणार नाही ते असतं." मला हे काम येतं असं जे लोक म्हणतात, त्यातलं निम्मं त्याचं आहे. तो इतका तळमळीनं शिकवायचा की मला वाटे, हा माणूस इथेच म्हातारा होणार. तसं झालं नाही. एक दिवस त्यानं केक आणला, सगळ्यांशी हात मिळवले आणि विमा कंपन्यांच्या संघटनेचा सल्लागार म्हणून गेला. यात बेकायदा काही नव्हतं. सरकारी नोकरी सोडल्यावर अशी नोकरी धरायच्या आधी नियमानं थोडे दिवस मध्ये जावे लागतात, ते त्यानं मासे पकडण्यात घालवले. आमच्या खात्यातून बाहेर पडणाऱ्या हुशार माणसांचा हा नेहमीचाच रस्ता होता, आणि आम्हाला त्याचं आश्चर्य वाटेनासं झालं होतं.

आश्चर्य वाटायचं ते गिऱ्हाइकांचं. वॉल्टर नावाचा एक प्लंबर दर सोमवारी फोन करी. बायकोच्या पाठीच्या ऑपरेशनला विमा कंपनी नकार देत होती. पहिली पाच मिनिटं तो सरकारला शिव्या घाली. सरकारनं लोकांच्या आयुष्यातून चालतं व्हावं, तुमच्यासारखी सगळी ऑफिसं बंद करायला हवीत, मी त्यालाच मत दिलंय जो ती बंद करणार आहे. मग एक घोट कॉफी घेऊन तो म्हणे, "तुम्ही सरकार आहात ना? मग सांगा त्या चोरांना!" त्याची पॉलिसी आमच्या कक्षेत येत होती, म्हणून आम्ही खरंच सांगितलं आणि ऑपरेशन झालं. तो डोनट्सचा मोठा डबा घेऊन ऑफिसात आला. नियमाप्रमाणे मला तो परत करावा लागला, तेव्हा त्याला जो राग आला तो आधीच्या सगळ्या सोमवारांपेक्षा मोठा होता. दुसऱ्या पक्षाचे लोक तरी कुठे वेगळे? आमच्या मंडळात दर दिवाळीला एक आमदार येतो. झब्बा घालतो, समई लावतो, आरोग्य हा प्रत्येकाचा हक्क आहे म्हणतो, आणि निवडणुकीसाठी पैसे जमवायच्या त्याच्या जेवणाला पहिल्या रांगेत विमा कंपन्या बसलेल्या असतात. मी निवडणुकीला जाते, मत देते आणि घरी येऊन कुकर लावते. त्यापलीकडे माझा उत्साह उरलेला नाही.

आता ज्या प्रकरणासाठी हे लिहायला घेतलं, त्याकडे येते. त्यासाठी आधी आमचे डॉक्टरकाका माहीत हवेत.

वसंतराव हे नागपूरला शिकलेले, इथे चाळीस वर्षं फिजिशियन म्हणून काम केलेले आणि आता निवृत्त. यजमानांचे मित्र म्हणून ते मला वहिनी म्हणतात, बाकी लहानथोर सगळ्यांचे ते डॉक्टरकाका. मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, नाटकाच्या मध्यंतरात चहाच्या टेबलाशेजारी त्यांचा दवाखाना भरायचा. कुणी जीभ दाखवतंय, कुणी खांदा फिरवून दाखवतंय, कुणी पोराला पुढे ढकलतंय. काका बटाटावडा खाता खाता निदान करत. इथे डॉक्टरकडे गेलं की विमा कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी पहिली मोठी रक्कम आपणच भरायची असते, म्हणून आमची माणसं शक्यतो जातच नाहीत. काकांना विचारायचं, आणि भारतातून येणाऱ्याच्या बॅगेत औषधं मागवायची. प्रत्येक मराठी घरात बिस्किटांच्या एका डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या भरलेल्या असतातच. माझ्याही घरात आहेत. यात कुणाला काही चुकतंय असं वाटत नव्हतं. उलट परक्या मुलखात आपण एकमेकांना धरून आहोत याचा तो पुरावाच होता, आणि काकांनी त्यासाठी कुणाकडून कधी पेढासुद्धा घेतला नाही.

मृणाल पुण्याची. इथल्या एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते, व्हिसावर आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. गणपतीच्या आरतीनंतर तिनं काकांना हात दाखवले. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, टायपिंगमुळे असेल का? काकांनी एकेक सांधा दाबून पाहिला, सकाळी किती वेळ आखडतं ते विचारलं आणि म्हणाले, हे टायपिंगचं नाही. सुट्टीला पुण्याला गेलीस की या तपासण्या कर, माझा वर्गमित्र आहे त्याला भेट. ती गेली, संधिवात निघाला. वर्गमित्रानं त्या आजाराची जुनी, स्वस्त गोळी सुरू करून दिली. पुढे वर्षभर पुण्याहून येईल त्याच्या बॅगेतून पट्ट्या येत राहिल्या आणि काका फोनवर विचारपूस करत राहिले. आधी बरं वाटलं, मग पुन्हा बोटं सुजायला लागली. तेव्हा काकांनी स्वतःहून सांगितलं, "आता माझं काम संपलं. इथल्या स्पेशालिस्टकडे जा, उशीर करू नकोस."

स्पेशालिस्ट बाईंनीही तेच सांगितलं. या गोळीनं भागणार नाही, इंजेक्शन लागेल, आणि लवकर लागेल, कारण या आजारात सांधा एकदा झिजला की तो परत येत नाही. विमा कंपनीकडे मंजुरीसाठी पाठवलं. उत्तर आलं, आधी ती स्वस्त गोळी काही महिने घेऊन बघा, नाही लागू पडली तर इंजेक्शनचा विचार करू.

आमच्या धंद्यात याला पायरी म्हणतात. खालच्या पायरीवरचं औषध हरल्याशिवाय वरच्यावर जाता येत नाही. तशी कल्पना वाईट नाही, उगाच महागडी औषधं देणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत. पण मृणाल ती पायरी चढून आली होती. फक्त चढली होती ती घरच्या घरी, आणि विमा कंपनीच्या कॉम्प्युटरात त्याची कुठेच नोंद नव्हती.

एका रविवारी ती माझ्याकडे आली. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायली, कपाच्या कानात बोट घालता येत नव्हतं. "काकू, मी वर्षभर घेतली ना ती गोळी. उलट्या होईपर्यंत घेतली. आणि ते म्हणतात घेतलीच नाही. म्हणजे मी खोटं बोलतेय का?"

मी म्हटलं, "तू खोटं बोलतेस असं ते म्हणत नाहीत. त्यांच्याकडे दिसत नाही म्हणतात. त्यांच्या लेखी दोन्ही एकच." आणि सवयीनं पुढे म्हणाले, "कार्ड उलटं कर बघू."

बारीक अक्षरांत तेच होतं. पैसे तिच्या कंपनीचे, विमा कंपनी नुसती कारकून. मला ते वाक्य म्हणावं लागलं. इतकी वर्षं मी ते इंग्रजीत म्हणत आले होते, अनोळखी माणसांना, फोनवर. माझ्याच जेवणाच्या टेबलाशी बसून, जिच्या डोहाळजेवणाला मी ओटी भरली होती तिला, मराठीत म्हणायची ही पहिलीच वेळ. "मृणाल, हे आमच्या अखत्यारीत येत नाही." मराठीत ते इतकं ओंगळ लागेल असं मला वाटलं नव्हतं.

मग जे करता येण्यासारखं होतं ते सुरू केलं. अपील करायचं, आणि गोळी घेतल्याचा डॉक्टरचा शब्द जोडायचा. पुण्याच्या वर्गमित्राचं चिठ्ठीवजा प्रिस्क्रिप्शन होतं, ते परदेशी म्हणून बाजूला पडलं. राहिले डॉक्टरकाका. अडचण अशी की निवृत्त झाल्यावर त्यांनी परवाना चालू ठेवलेला नव्हता. परवाना नसताना कुणावर उपचार केले असं स्वतःच्या सहीनं लिहून देणं म्हणजे नसतं झेंगट ओढवून घेणं, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते हसले. "लिहितो की. आता माझं काय काढून घेणार आहेत?" त्यांनी लिहून दिलं, त्यांच्या जुन्या पद्धतीनं, सांध्यांच्या आकृतीसकट.

उत्तर फार अदबशीर होतं. ज्यांच्याकडे सध्या वैद्यकीय परवाना नाही अशा व्यक्तीची माहिती विचारात घेता येत नाही, कळावे. मी ते वाचून दाखवायला गेले तेव्हा काका मागच्या अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. पुरतं ऐकून घेतलं, सुतळीची गाठ मारली आणि म्हणाले, "बरोबरच आहे वहिनी त्यांचं. मी आता कुणीच नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मला मात्र त्या अदबशीर कागदाचा संताप संताप झाला.

अजून एक अपील करता आलं असतं, आणि त्यानंतर बाहेरच्या तज्ज्ञाकडे दाद मागता आली असती. पण त्या दुसऱ्या अपिलाचा निर्णय मृणालच्या कंपनीची समिती करणार होती, कारण पैसे कंपनीचे. कायद्यानं नाव गुप्त राहतं. पण असं इंजेक्शन मागणारी, गोळ्या पुण्याहून मागवणारी बाई त्या ऑफिसात किती असणार? आणि तीच कंपनी तिच्या ग्रीन कार्डाचे कागद भरत होती. मी तिला खूप समजावलं. सरतेशेवटी तिनं माझा हात धरला, म्हणजे तिच्या त्या हातांनी जितका धरता येईल तितका.

"काकू, आम्ही आल्यापासून सगळ्यांनी एकच सांगितलंय. ग्रीन कार्ड होईपर्यंत कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही. जॉब गेला तर इन्शुरन्स पण गेला आणि व्हिसा पण गेला. मी गोळीच घेते परत. त्यांच्या हिशोबात येईल अशी."

आणि तिनं ती पुन्हा सुरू केली, हरलेलीच गोळी, आता इथल्या डॉक्टरकडून, इथल्या दुकानातून, सगळी नीट नोंद होईल अशी. स्पेशालिस्ट बाई हळहळल्या, पण त्यांच्याही हातात काही नव्हतं. मला तिच्यावर चिडायचं होतं, पण चिडले नाही. तिच्या जागी मी काय केलं असतं ते मला माहीत आहे.

त्याच सुमारास मी निवृत्त झाले आणि राज्याच्या विधिमंडळात एक विधेयक पुन्हा आलं. पेशंटनं खालच्या पायरीचं औषध आधीच घेऊन पाहिलं असेल, कुठेही घेतलं असेल, तर ते विमा कंपनीनं मानलं पाहिजे, असा त्याचा साधा अर्थ. दरवर्षी येई आणि दरवर्षी कुठल्या तरी समितीत झोपी जाई. या वेळी जागं राहील अशी चिन्हं होती. नोकरीत असताना बोलायची बंदी होती, आता मी मोकळी होते. विधेयक मांडणाऱ्या बाईंच्या मदतनिसानं मला फोनवर सांगितलं, तुम्ही नियम समजावाल ते ठीक, पण नियमांनी कुणी हलत नाही, एखादा पेशंट आणा. मृणालला विचारलं. ती नाही म्हणणार हे ठाऊक असूनही विचारलं. ती नाही म्हणाली.

डॉक्टरकाका म्हणाले, "मी येतो. तिचं नाव न घेता सांगतो." मी त्यांना दोनदा सांगितलं होतं की हा कायदा झाला तरी मृणालच्या कंपनीला लागू होणार नाही, तिचं कार्ड आमच्या कक्षेबाहेरचं आहे. त्यांना ते पटत नसे. कायदा म्हणजे कायदा, झाला की सगळ्यांना झाला, अशी त्यांची समजूत. शिवाय त्यांना तिच्यासाठी काहीतरी करायचंच होतं. मुलीच्या लग्नात शिवलेला सूट घालून ते आले.

सुनावणीची खोली भरलेली होती. कंपन्यांचे पगारी वक्ते पुढे बसलेले, त्यांचे निळे कोट एकाच शिंप्यानं शिवल्यासारखे. आम्ही जनता मागे. आमदार येत होते, फोन बघत होते, जात होते. वॉल्टरही आला होता. तो बोलायला उभा राहिला, सरकारनं लोकांच्या आयुष्यातून चालतं व्हावं इथून सुरुवात केली आणि सरकारनं या चोरांच्या मुसक्या बांधाव्यात इथे येऊन थांबला. समितीतले सगळे मनापासून हसले. तेवढ्यापुरतं त्या खोलीतलं वातावरण माणसांचं झालं होतं.

मग काका उठले. हातात कागद नव्हता. त्यांनी अगदी सरळ सांगितलं. मोठ्या कंपनीत काम करणारी एक तरुण मुलगी माझ्याकडे आली. मी तिचे सांधे तपासले. औषध भारतातून आणायला सांगितलं, तिनं ते वर्षभर घेतलं, मी फोनवर लक्ष ठेवलं. औषध हरलं. ही गोष्ट खरी आहे, परवाना आता नसला तरी मी डॉक्टर आहे, मला कळतं. तरी तिला पुन्हा तेच घ्यायला लावलं आहे आणि तिची बोटं वाकत चालली आहेत. समोरच्या टेबलावरचा वेळ संपल्याचा लाल दिवा लागला तेव्हा ते थँक यू म्हणून बसले. एका आमदार बाईंनी डोळे पुसले. मला वाटलं, जमलं.

त्यानंतर डेनिस उठला. तपकिरी स्वेटर गेला होता, वाकलेपणा तोच होता. तो विधेयकाच्या विरोधात बोललाच नाही. उद्देश उत्तम आहे म्हणाला, आम्ही पाठिंबाच देतो म्हणाला. फक्त पेशंटच्या सुरक्षिततेसाठी एक ओळ घालावी. आधीचं औषध इथल्या परवानाधारक डॉक्टरनं लिहून दिलेलं आणि इथल्या फार्मसीतून घेतलेलं असावं. मग तो काकांकडे वळला, आदरानं किंचित मान लववली आणि म्हणाला, या सज्जन डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं की औषधं परदेशातून सामानात येतात, तपासणी फोनवर होते आणि सांगणाऱ्याकडे परवाना नसतो. त्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. पण आपण कायद्यानं याला उत्तेजन द्यायचं का?

पेशंटच्या सुरक्षिततेविरुद्ध कोण मत देणार? डोळे पुसणाऱ्या बाईंनीही हात वर केला. ती ओळ बसली आणि विधेयक पुढे गेलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये डेनिस माझ्याकडे आला. नातवंडं कशी आहेत विचारलं. मग हळू आवाजात म्हणाला की त्या मुलीला हा कायदा कसाही पोचणार नव्हता, हे तुला ठाऊकच आहे. तिला बरं वाटो. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. मी त्याच्याशी हात मिळवला. शिकवलेलं कुठे जातं? मीही त्याच्या जागी असते तर ती ओळ मागच्या बाजूला, बारीक अक्षरांतच घातली असती.

परतीच्या रस्त्यावर टोलनाका गेल्यावर काकांनी विचारलं, "वहिनी, मी तिची बाजू मांडायला गेलो होतो ना?"

मी हो म्हटलं. त्यांना घरी सोडलं, गाडीत काढून ठेवलेला सूटचा कोट त्यांच्या हातात दिला आणि मी निघाले.

मृणालला इंजेक्शन शेवटी मिळालं. हिशोबातली गोळी हिशोबात हरली, कॉम्प्युटरला दिसली आणि मंजुरी आली. सूज गेली, दुखणं गेलं. उजव्या हाताची दोन बोटं मात्र आता सरळ होत नाहीत, ती तशीच राहणार. ती कॉम्प्युटरशी बोलून काम करते आणि ते मॅनेजरच्या लक्षात येऊ नये म्हणून दार लावून घेते. ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही.

या दिवाळीच्या कार्यक्रमाला तो आमदार आला होता. झब्बा घातला, समई लावली आणि कायदा करून पायऱ्यांच्या त्या जाचातून आम्ही तुम्हाला सोडवलं असं सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हात मोकळे होते म्हणून. मध्यंतरात चहाच्या टेबलाकडे गेले. डॉक्टरकाका नेहमीच्या खुर्चीत होते, पण भोवती कुणी नव्हतं. हल्ली कुणी विचारलं की ते एकच सांगतात, क्लिनिकमध्ये जा. लोकांना आधी वाटलं थट्टा करतायत, मग वाटलं वय झालं, आणि मग विचारणं बंद झालं. वडा प्लेटमध्ये गार होत होता.

तेवढ्यात मृणाल आली. तिनं वाकून त्यांना नमस्कार केला आणि शेजारी बसली. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग डावा हात पुढे केला. "काका, आता या हाताची करंगळी पण सकाळी आखडते. बघा ना जरा."

त्यांनी तिचा हात हातात घेतला. अंगठ्यानं एक सांधा दाबला, मग दुसरा, तिसऱ्यावर अंगठा थांबला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना काय ते समजलं आहे. मृणाल त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तिचा हात अलगद तिच्या मांडीवर परत ठेवला.

"तुझ्या डॉक्टरांना दाखव, बेटा," ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात. फोनवर इतकी वर्षं मी काढलेला तो आवाज मी ओळखला, आणि चहा न घेताच मागे फिरले.